तापवलेल्या सोड्याचं वजन

७ मार्च

थोरले,

फोनवर बोलायचं नाही, असं आपलं ठरलेलं आहे. पत्राचं काहीच ठरलं नव्हतं, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, ही पळवाट झाली. मी म्हटलं, दुकानदाराला पळवाट दिसत नसेल तर त्यानं दुकान उघडूच नये.

काम एवढंच आहे की रसायनशास्त्राचा एक प्रश्न अडलाय आणि या घरात रसायनशास्त्र शिकलेलं माणूस तू एकटीच. बाकीचा मजकूर ओघानं येईल, तो वाचला नाहीस तरी चालेल.

काल धाकटीचा रसायनशास्त्राचा पेपर झाला. पेपर सुटला की मुलं आधी आपल्या बेकरीत येतात आणि मग घरी जातात, हे तुला ठाऊकच आहे. कॉलेजच्या फाटकासमोर जागा घेतली तेव्हा लोक हसले होते, पोरांच्या खिशात काय असतं म्हणून. काल बाकावर बसायला जागा नव्हती. पिठाच्या पोत्यांवरसुद्धा मुली बसल्या होत्या. मी कुणाला उठवलं नाही. गर्दी असली की मला दुकान बघायला छान वाटतं, त्यातून ती शिकणारी गर्दी असली की विचारूच नकोस.

मी पाठ करून बरण्या भरत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. बिस्किट करपायच्या आधी बाबांना त्याचा आवाज येतो, असं तूच सगळ्यांना सांगायचीस.

या मुलांमध्ये एक पोरगा आहे, त्याला सगळे 'निकाल' म्हणतात. वर्गात पहिला असतो आणि बोर्डाच्या आधी सगळ्यांचे निकाल तोच लावतो. बिस्किटाच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीनं रकाने पाडतो, एकेकाला उत्तरं विचारतो, गुण मांडतो आणि श्रेणी जाहीर करतो. काल एका वेणीवालीला 'क' दिला. तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, काका, अजून एक क्रीम रोल द्या, आता काय फरक पडतो. पिशव्या माझ्या असतात, पण मी हरकत घेत नाही. एवढ्या मुलांचं भविष्य माझ्या पिशवीवर लिहिलं जातं, हे काय थोडं आहे?

तर सोड्याचा प्रश्न आला. पाच गुणांचा. प्रश्न असा: खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम घेऊन वजन स्थिर होईपर्यंत तापवला, तर उरलेल्या पदार्थाचं वजन किती?

निकाल म्हणाला ६.२. त्याच्या शेजारचा म्हणाला ६.२. पोत्यावरच्या मुलीही ६.२. जिचं उत्तर वेगळं आलं होतं तिनंही घाईघाईनं ६.२ म्हटलं, मला आवाजावरून कळलं. मग निकालनं धाकटीकडे पेन्सिल रोखली.

तिला गप्प बसता आलं असतं. तोंडात टोस्ट होता, नुसती मान हलवली असती तरी कुणी खोदून विचारलं नसतं. पण तिनं टोस्ट खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझं पाच पूर्णांक तीन आलंय."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, आपलं चुकलं नाही म्हणून सुटल्यासारखे हसले. निकालनं विचारलं, कसं काय? ती म्हणाली, आत्ता इथे सांगता येणार नाही, पण लिहिताना बरोबर वाटलं होतं, आणि लिहिलंय तेच सांगणार. निकालनं तिच्या रकान्यात पाच गुण कापले आणि खाली 'ब' लिहिला. वर म्हणाला, वाईट नको वाटून घेऊस, 'अ' अगदी थोडक्यात गेला.

आता हा 'ब' साधा नाही. तिनं तुझ्या शहरातल्या कॉलेजात अर्ज केलाय, हे तिनं तुला कळवलं असेलच. तिथे रसायनशास्त्रात 'अ' असल्याशिवाय घेत नाहीत. बाकीचे पेपर चांगले गेलेत. सगळं या सोड्यावर येऊन थांबलंय.

मला तिचं उत्तर चूक की बरोबर हे माहीत नाही. पण बाकीचे सगळे एका बाजूला असताना ती आपला आकडा बोलली, ते ऐकून माझ्या हातून बरणी सांडायची राहिली. हा स्वभाव घरात आधी कुणाचा होता ते मी लिहीत नाही.

फक्त उत्तर कळव. पोस्टकार्डावर मावेल.

बाबा

ता. क. बेकरीला बाहेरून रंग दिला. पाटी तेवढी राहिली. रंगारी म्हणाला, काका, हिच्यावरचं 'आणि कन्या' पुसू की ठेवू? मी म्हटलं, तू शिडी आवर.

१८ मार्च

थोरले,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनला मी चहा पाजला. तो म्हणाला, बातमी चांगली दिसते. मी म्हटलं, एक ओळ आहे, पण अक्षर ओळखीचं आहे.

'भांडं उघडं होतं की बंद? ते कळल्याशिवाय उत्तर नाही.'

बस, एवढंच. ना नमस्कार, ना खाली सही. तुझी आई कार्ड दोनदा उलटंपालटं करून म्हणाली, हिला शाई महाग पडते काय. मग ते तिनं पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवून दिलं, म्हणून त्याला आता पीठ लागलंय.

भांडं उघडं होतं. उघडी बशी. माझ्याकडून लिहायचं राहून गेलं, घाईत होतो.

तू विचारलं नाहीस, तरी थोडी हकीकत देतो. तुझे जुने रसायनशास्त्राचे सर अजून रोज ब्रेड न्यायला येतात. चष्मा बदललाय, छत्री तीच आहे. पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी ब्रेड कागदात गुंडाळता गुंडाळता सहज म्हटलं, सर, सोडा तापवला तर हलका होतो की हो. सर म्हणाले, "पेपर तपासायचं काम चालू आहे. ब्रेड द्या." मी म्हटलं, किती हलका होतो तेवढं सांगा, कुणाचं नाव नको. ते म्हणाले, कापलेला द्या. मग रोज येतात, रोज मी काहीतरी विचारतो आणि रोज ते 'कापलेला द्या' म्हणतात. माणूस सरळ आहे. अशा माणसाच्या हाताखाली तू शिकलीस, याचं मला आतून बरं वाटतं.

धाकटी मात्र बारीक झालीये. दिवसभर माझ्यासोबत भट्टीवर असते. तोंडानं म्हणते, बाबा, जे व्हायचं ते होईल, आणि साच्यांना तेल लावताना एकाच साच्याला तीनदा लावते. परवा तिला म्हटलं, अगं, निकाल एवढा पहिला येणारा मुलगा आहे, त्याचंच बरोबर असेल, मनाची तयारी ठेव. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" मी म्हटलं, मी पावाच्या बाजूनं आहे, ट्रे आत सरकव. खरं सांगतो, मनात मी निकालच्याच बाजूनं होतो. पोरगा बोलतोच असा ठासून, की ऐकणाऱ्याला आपलीच अक्कल कमी वाटायला लागते. अशी दोन गिऱ्हाइकं आली तर माल फुकट देऊन बसेन.

निकाल स्वतःही काही मजेत नाही बरं. तोही रोज येतो, तीच पिशवी खिशातून काढतो आणि बघून परत ठेवतो. त्याला म्हटलं, तुझ्या रकान्यात 'अ' आहे ना, मग? म्हणाला, काका, तुमच्या मुलीनं एवढ्या जणांसमोर वेगळं उत्तर सांगितलं, तेव्हापासून झोप नीट लागत नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. ज्याला असा त्रास होतो तो पुढे चांगला शिकतो.

तिकडे पीठ तपासायचं काम कसं चाललंय? लोकांचं पीठ तपासायला गेलीस, बापाचं सोडून, असं मी म्हणणार होतो, पण आई शेजारी बसली आहे. तिनं पेन धरलंय. म्हणून म्हणत नाही.

तर भांडं उघडं होतं. आता कळव.

बाबा

३० मार्च

थोरले,

या खेपेला कार्ड नाही, पाकीट. मी ते लगेच फोडलं नाही. ट्रे बाहेर काढले, हात धुतले, गल्ल्यावर बसलो आणि मग फोडलं. आईला वाटलं, आपण पाठवलेले पैसे तू परत केलेस की काय.

तू लिहिलंस ते मी इथे परत उतरवतो, कारण मला ते उतरवायला आवडतंय:

'५.३. धाकटीचं बरोबर आहे. सोडा तापला की वायू जातो, तशी वाफही जाते. बाकीच्यांनी नुसता वायू वजा केला. वाफ जाताना त्यांना दिसली नाही. बाबा, ब्रेड पाऊण किलोचा हवा असेल तर तुम्ही गोळा पाऊण किलोचा तोलता का? वर घालता ते कशासाठी, तेच त्या मुलांना सांगा.'

मी गल्ल्यावर बसून हसत सुटलो. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं वजनात काही गडबड झाली. अगं, भट्टीसमोर केस पांढरे झाले. रोज गोळ्याला वरचं पीठ टाकतो, कारण भट्टी आपला वाटा घेतेच, आणि सोड्याच्या वेळी ते मला सुचू नये? मी निकालच्या बाजूनं! आई म्हणाली, तुम्ही हातानं शहाणे आहात, डोक्याचं मी लग्नातच सोडून दिलं होतं.

मी पत्र घेऊन सरळ बाकांकडे गेलो. निकाल आणि त्याची चौकडी होती. मी म्हटलं, माझी थोरली प्रयोगशाळेत असते, तिचं पत्र आलंय, ऐका. हे वाक्य मी जरा मोठ्यानं म्हटलं. रस्त्यावरच्या दोन माणसांनीही ऐकलं असेल, तर ऐकू दे.

वाचून झालं. निकालनं पिशवी काढली, खोडरबर काढला आणि एकेकाचे पाच गुण खोडत गेला. स्वतःचे सर्वांत आधी खोडले. मग म्हणाला, "काका, तुमच्या थोरलीनं एका पत्रात अख्खा वर्ग खाली आणला." वेणीवाली म्हणाली, मी आधीच 'क'मध्ये आहे, मला कुणी खाली आणू शकत नाही. मग सगळे असे हसले की धाकटी आतून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. तिला पत्र दिलं. तिनं वाचलं, परत दिलं आणि आत गेली. मी मागोमाग गेलो तर पोत्यांकडे तोंड करून उभी होती. मी म्हटलं, रडतेस काय? म्हणाली, "नाही, ताईचं अक्षर बघून डोळ्यांत पीठ गेलं." हे असलं बोलणं तिनं कुणाकडून उचललं, कोण जाणे.

संध्याकाळी सर आले. मी काही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, सर, थोरलीचं पत्र आलं, सोड्याबद्दल लिहिलंय. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ती अजून कुणाचं ऐकत नाही का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग बरोबरच लिहिलं असेल. कापलेला द्या." आणि त्या दिवशी त्यांनी बिस्किटंही घेतली, ते कधी घेत नाहीत.

आता तुझ्या पत्राच्या खालच्या ओळीबद्दल. तू लिहितेस, पहिल्या पत्रात मी प्रश्न जसाच्या तसा उतरवला होता, बोर्डाच्या भाषेत, फक्त 'उघड्या बशीत' तेवढं सोडून, म्हणजे प्रश्नपत्रिका माझ्यासमोर होती. असेलही. ती बरणीखाली होती. जे शब्द गळले ते नेमके असेच कसे गळले, की तुला परत विचारावंच लागावं, असंही तू विचारतेस. थोरले, माझ्या हाताखाली कारागीर आहेत, गिऱ्हाइकं आहेत, पोस्टमन आहे, इतक्या सगळ्यांतून मी दोनशे शब्द बरोबर लिहिले, दोन गळले, तर त्यात एवढं काय? आई म्हणते, पकडले गेलात, आता गप्प बसा. तिला मी सांगितलं, पकडलं कुणी, ते बघ की. तपासायलाच शिकलीये ती.

कडेचा पाव अजून बाजूला काढून ठेवतो, ट्रेच्या कोपऱ्यातला, जो तू गरम असतानाच पळवायचीस. फुकट जाऊ नये म्हणून मग मीच खातो. डॉक्टर म्हणाला, वजन वाढलंय. त्याला कारण सांगितलं नाही.

बाबा

९ जून

थोरले,

लागला. धाकटीला रसायनशास्त्रात 'अ'. तिनं तुला फोन केलाच असेल, पण माझ्या हातानंही कळवायला हवं.

निकाललाही 'अ'च मिळाला. स्वतःला 'ब' देऊन बसला होता, त्यामुळे तोंड उघडंच राहिलं. सोड्याचे गुण गेले, पण बाकी पेपर त्यानं इतका स्वच्छ सोडवला होता की तरून गेला. वेणीवालीला 'ब'. ती निकालला म्हणाली, तू ज्योतिषाचं दुकान बंद कर, मला तीन महिने रडवलंस. त्यानं ती जुनी पिशवी तिला दिली आणि तिनं ती माझ्या काउंटरवर चिकटवली. मी राहू दिली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, मी म्हणतो, बसा, सांगतो. कालपासून माझं सांगणं थांबलेलं नाही. आईनं हिशेब केला की जितके पाव विकले त्याहून जास्त वेळा मी ही गोष्ट सांगितली.

मी सगळ्यांना केक वाटणार होतो. आई म्हणाली, बिस्किटं वाटा. शेवटी केकच वाटला, तिनंच कापला.

कॉलेजचं पत्रही आलं. प्रवेश मिळाला. वसतिगृहात यंदा जागा नाही, असं त्यांनी लिहिलंय. आम्ही इकडेतिकडे चौकशी करतोय. शहर मोठं आहे, काहीतरी होईल. धाकटी म्हणते, ताईच्या खोलीत दोन खाटा मावतात. मी म्हटलं, ते तुमचं दोघींचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. बारा-तेरा दिवसांत निघायचं आहे. सामान बरंच आहे. तिला सोडायला कोणीतरी येईल.

तुम्ही दोघी इकडची काळजी करू नका. भट्टी चालू आहे. दोन नवे कारागीर घेतलेत, हात चांगला आहे, बोलतात फार. घर आता जरा मोठं वाटेल, तर आम्ही दोघं मोठ्यानं बोलू. एका दुकानदाराच्या दोन मुली, दोघीही रसायनशास्त्रात 'अ', आणि दोघीही त्याच शहरात. माझ्या वडिलांनी मला पहिलं काम दिलं ते पोती उचलायचं. ते असते तर त्यांना कुठून सांगायला सुरुवात करावी हेच कळलं नसतं.

पाटी उतरवली. तुला वाटेल काही विशेष कारण असेल, तर नाही. पाव गार करायला रुंद फळी हवी होती, लाकूड जुनं, मजबूत आहे, वाया कशाला घालवायचं? उलटी करून ठेवली आहे. अक्षरं खाली, पाव वर. नवी पाटी केली, तिच्यावर नुसतं 'बेकरी' लिहिलंय. रंगारी म्हणाला, काका, एवढंच? मी म्हटलं, भट्टीचा वास पुरेसा आहे, लोकांना कळतं.

बाबा

१७ जून

थोरले,

तुझं कार्ड काल आलं. आईनं मोठ्यानं वाचलं, मग धाकटीनं वाचलं, मग पुन्हा आईनं.

'खाट आणली आहे. पण "कोणीतरी" म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय उत्तर नाही.'

दोघी माझ्याकडे बघत बसल्या. मी पीठ चाळायला घेतलं. चाळून झालेलं पीठच पुन्हा चाळतोय, हे आईनं दाखवून दिलं.

तर उत्तर असं: कोणीतरी म्हणजे मी.

रविवारी सकाळची भट्टी उतरवून निघतो, संध्याकाळपर्यंत पोचू. धाकटीच्या दोन बॅगा आहेत, माझी एक पिशवी. मुक्काम करीन की नाही ते तू ठरव, परतीचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. तुझी प्रयोगशाळाही मला बाहेरून दाखव. आत नेलंस तर आतूनही बघीन, हात लावणार नाही.

पिशवीत कडेचे पाव आहेत. प्रवास दिवसभराचा आहे, तुझ्यापर्यंत येईतो सुकून थोडे हलके होतील. ते धरूनच दोन वर घेतलेत.

बाबा